शेतराखणीची दुर्बीण : पहिली खरेदी कशी करावी

पिकाची राखण हा शेतीच्या कामांतील सर्वांत जुना व सर्वांत कंटाळवाणा भाग होय. नांगरट, पेरणी, खुरपणी यांस आरंभ आहे तसा शेवटही आहे. राखणीस मात्र दाणा भरूं लागल्यापासून रास घरीं येईपर्यंत खंड नाहीं. विदर्भांत तुरी-हरभऱ्यावर रोही व रानडुकरें, सोलापुराकडे व मराठवाड्यांत काळविटांचे कळप, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या डोंगरपट्ट्यांत गवे, कोंकणांतील बागांत वानरें व माकडें, आणि जुन्नरसारख्या ऊंसाच्या मुलखांत खुद्द राखणदाराच्याच जिवावर उठणारा बिबट्या, असे राखणीचे प्रसंग जिल्ह्यागणिक निराळे आहेत. साधनें मात्र बहुतेक ठिकाणीं तींच : माळा, गोफण, पत्र्याचा डबा, फटाका आणि बॅटरी. यांत आणखी एका साधनाची भर घालावी असें आम्ही आमच्या शेतकरी बंधूंस सुचवितों. तें साधन म्हणजे चांगल्या प्रतीची दुर्बीण.

दुर्बीण म्हटली कीं अनेकांच्या डोळ्यांपुढें जुना शिकारी उभा राहतो. तो काळ आतां मागें पडला. १९७२ सालच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ अन्वयें वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या कांहीं प्राण्यांच्या बाबतींत कलम ११ अन्वयें अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळूं शकते, पण त्या परवानगीवांचून कोणीं हत्यार उचलल्यास तो गुन्हा होय. शिकार गेली, तरी शिकाऱ्याचें दुर्बिणीविषयींचें ज्ञान टाकून देण्याजोगें नाहीं. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत नियमानें बांधलेली शिकार अद्याप चालते. तेथील शिकारी रानाच्या कडेला उंच मचाणावर बसून तिन्हीसांजेस डुकराची वाट पाहतो. आमचा शेतकरी माळ्यावर बसून त्याच वेळीं, त्याच जातीच्या प्राण्याची वाट पाहतो. हेतु निराळा, पण डोळ्यांची गरज अगदीं एकच. म्हणून शिकारी ज्या कसोट्या लावून आपली दुर्बीण निवडतो, त्याच कसोट्या राखणदारासही उपयोगीं पडतात.

दुर्बिणीनें काय साधतें?

कोणी म्हणेल कीं, जनावर दिसलें तरी हाकलावें लागतेंच. मग तें दुरून पाहून काय लाभ? याचें उत्तर असें कीं, लाभ तीन आहेत.

पहिला लाभ, जनावर कोणतें, किती व कोणत्या वाटेनें येतें याची खात्री होते. रानडुकराची वाट ओढ्याच्या झाडींतून असते, रोही उघड्या माळावरून येतो. ज्या बाजूची वाट कळली त्या बाजूचें कुंपण आधीं दुरुस्त करतां येतें. सगळ्या शेतास एकदम तार ओढण्याचें बळ सर्वांस नसतें.

दुसरा लाभ नुकसानभरपाईच्या कामीं होतो. आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. नुकसानीचे अर्ज आमच्या हातांखालून गेले, त्यांतील पुष्कळांत "जनावरांनीं पीक खाल्लें" इतकेंच लिहिलेलें असे. कोणतें जनावर, किती होतीं, कोणत्या बाजूनें आलीं व कोणत्या वेळीं, या चार प्रश्नांस अर्जदाराजवळ उत्तर नसे. भरपाई वन्य प्राण्यांनीं केलेल्या नुकसानीची मिळते, शेजाऱ्याच्या मोकाट गुरांनीं केलेल्या नुकसानीची नाहीं. पंचनाम्याच्या वेळीं हा भेद सिद्ध झाला नाहीं म्हणजे अर्ज रखडतो, आणि शेजाऱ्याच्या गुरांचा नुसता संशय आला तरी दोन घरांत वर्षानुवर्षें वैर पडतें. ज्यानें बांधावरून दुर्बीण लावून रोह्यांचा कळप मोजला, तारीख व वेळ वहींत टिपली आणि सकाळीं खुरांच्या ठशांचे फोटो काढून ठेवले, त्याची बाजू पंचांपुढें भक्कम होते व शेजारधर्मही राहतो.

तिसरा लाभ जिवाचा. अंधुक उजेडांत पिकांत हालणारी प्रत्येक वस्तु डुकरच असते असें नाहीं. पाणी धरावयास आलेला गडी, गवत कापणारी बाई, वाट चुकलेलें पोर हींही पिकांतच हालतात. डुकर समजून माणसावर घाव घातल्याच्या किंवा गोळी झाडल्याच्या बातम्या अधूनमधून कानीं येतात. तसेंच, ऊंसाच्या कडेला बसलेलें जनावर रानमांजर आहे कीं बिबट्या, हें शंभर पावलांवरून कळणें व दहा पावलांवरून कळणें यांत प्राणांचें अंतर आहे. दोडामार्गाकडे हत्ती येतात. तेथें तर दूर राहून पाहणें हाच एक शहाणपणा.

अंकांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५०, ७×५० असे दोन अंक कोरलेले असतात. पहिला अंक वस्तु किती पट जवळ दिसेल तें सांगतो. दुसरा अंक पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दहा एकरांचें चौरस शेत घेतल्यास त्याची एक बाजू सुमारें २०० मीटर भरते. या बांधावरून त्या बांधावरचें डुकर ८ पटीच्या दुर्बिणींतून २५ मीटरांवर असल्याप्रमाणें दिसेल, १० पटीच्या दुर्बिणींतून २० मीटरांवर असल्याप्रमाणें. फरक पांच मीटरांचा.

या पांच मीटरांसाठीं काय गमवावें लागतें तें पाहावें. दुर्बीण वस्तूबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीनें मोठा करते. ८ पटीपर्यंत बहुतेकांचा हात टिकतो. १० पटीस सराव लागतो. त्यापुढें तिपाईवांचून चित्र स्थिर राहात नाहीं. शिवाय पट वाढली कीं आवांका आंखडतो. चांगल्या ८ पटीच्या दुर्बिणींत १,००० मीटरांवर सुमारें १३० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळीं दिसतो, म्हणजे आमच्या २०० मीटरांच्या बांधावर २६ मीटरांचा. १० पटीच्या दुर्बिणींत तोच पट्टा सुमारें २२ मीटरांवर येतो. धांवत्या जनावरास चटकन् पकडावयाचें तर रुंद पट्टाच उपयोगाचा. जत्रेंत व रस्त्याच्या कडेला "३०×६०" असें ठसठशीत छापलेल्या स्वस्त दुर्बिणी विकावयास येतात. त्यांची खरी पट छापलेल्या अंकाच्या आसपासही नसते, आणि ती खरी असती तरी हातांत धरून कोणास कांहीं दिसलें नसतें. मागेंपुढें सरकवून पट कमीजास्त करण्याच्या झूम दुर्बिणीही पहिल्या खरेदीस घेऊं नयेत. त्यांत आवांका फार अरुंद असतो व जोडणी लौकर बिघडते.

तिन्हीसांजेची कसोटी

दुपारीं बारा वाजतां कोणतीही दुर्बीण बरी दिसते. जनावर मात्र दुपारीं येत नाहीं. म्हणून दुर्बिणीची खरी किंमत सूर्य मावळल्यानंतरच्या व उगवण्यापूर्वींच्या अर्ध्या घटकेंत ठरते, आणि तेथें एक सोपा भागाकार उपयोगीं पडतो.

दुसऱ्या अंकास पहिल्या अंकानें भागावें. जो आंकडा येईल तितक्या मिलिमीटरांची प्रकाशाची वाटोळी चकती दुर्बिणींतून डोळ्यांत उतरते. दुर्बीण हातभर दूर धरून आभाळाकडे केल्यास ही चकती डोळ्याकडील भिंगांत स्पष्ट दिसते. ८×४२ ची चकती सवापांच मिलिमीटर, १०×४२ ची ४.२, १०×२५ या खिशांतल्या दुर्बिणीची अवघी अडीच आणि ८×५६ ची पूर्ण सात. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हांत दोन-तीन मिलिमीटर उघडते; अंधारांत तरुण माणसाची सुमारें सातपर्यंत व पन्नाशीनंतर साधारण पांचपर्यंत उघडते. यावरून निष्कर्ष आपोआप निघतो. खिशांतली दुर्बीण दिवसा ठीक, पण तिन्हीसांजेस ती डोळ्यास उपाशी ठेवते. ८×४२ ची चकती क्षेत्रफळानें तिच्या चौपटीहून मोठी आहे. उलट, आमच्या वयाच्या माणसानें ८×५६ किंवा ७×५० घेतली तर जादा प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडून फुकट जातो आणि किलोभर ओझें गळ्यांत उरतें. घरांतील तरुण मुलगा राखणीस बसणार असेल व माळ्यावरून उतरण्याचें काम नसेल, तर ८×५६ चा विचार जरूर करावा. जर्मन शिकारी मचाणावर तीच वापरतो. सर्व घरासाठीं एकच घ्यावयाची असल्यास ८×४२ घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिचें वजन पाऊण किलोच्या आंत असतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुर्बीण असलेला प्रकाश गोळा करते. नसलेला उत्पन्न करीत नाहीं. अमावास्येच्या मध्यरात्रीं तिचा उपयोग नाहीं. त्या कामास उष्णतेवरून चित्र काढणारीं विजेचीं यंत्रें निराळीं मिळतात. तीं महाग असतात व पहिल्या खरेदींत त्यांचा विचार करण्याचें कारण नाहीं.

लोलक व लेप

दोन दुर्बिणींचे अंक सारखे असून किमतींत दसपट फरक कां असतो, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकास पडतो. फरक आंतील कांचेचा व तिच्यावरील लेपाचा असतो.

भिंगांनीं उलटें झालेलें चित्र सुलटें करण्यासाठीं दुर्बिणींत कांचेचे लोलक बसवितात. ही युक्ति इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थानें शोधून १८५४ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि जर्मनींतील येना येथील झाईस कारखान्यानें १८९४ सालीं लोलकाच्या दुर्बिणी बाजारांत आणल्या. पोरोच्या रचनेंत दुर्बिणीचे खांदे रुंद असतात. दुसरी रचना सरळ नळ्यांची. तिला रूफ लोलकाची म्हणतात. सरळ नळीची दुर्बीण सुटसुटीत व पाणी-धुळीस बंद करण्यास सोपी. पण तिचे लोलक फार काटेकोर घडवावे लागतात व त्यांवर विशेष लेप द्यावा लागतो, म्हणून ती महाग पडते. सारांश, पैसे थोडे असल्यास पोरो पद्धतीची दुर्बीण त्याच किमतींत अधिक स्वच्छ चित्र देते. पैसे थोडे सैल असल्यास सरळ नळीची, जलरोधक व नायट्रोजन भरलेली घ्यावी. नायट्रोजन भरल्यानें आंत दमट हवा राहात नाहीं व थंडीच्या पहाटे आंतील भिंगावर वाफ धरत नाहीं.

लेपाचें महत्त्व हिशेबानें कळतें. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें शेंकडा ४ प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा प्रकाश वाटेंतच जातो. झाईस कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं कांचेवर अतिपातळ लेप देऊन हा परतावा कमी करण्याची रीत काढली. हल्लीं चांगल्या दुर्बिणींत प्रत्येक पृष्ठभागावर एकावर एक अनेक लेप देतात. खरेदीच्या वेळीं "सर्व भिंगांवर अनेकपदरी लेप" असें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. नुसतें "लेपयुक्त" या शब्दावर विसंबूं नये. तांबडाभडक लेप दिलेल्या दुर्बिणी पाहून भुलूं नये. तांबडा प्रकाश परत फिरल्यानें त्यांतून चित्र हिरवट व मंद दिसतें.

दुकानांतील परीक्षा

दुर्बीण शक्य तोंवर स्वतः पाहून घ्यावी, आणि दुकानांत दिवस मावळतांना जावें. पुढील परीक्षा कराव्या.

एक, पुढच्या भिंगांत दिव्याचें प्रतिबिंब पाहावें. तें मंद हिरवट किंवा जांभळट असल्यास लेप बरा. पांढरें लखलखीत असल्यास लेप नाहीं असें समजावें.

दोन, दुर्बीण हातभर दूर धरून प्रकाशाच्या चकत्या पाहाव्या. त्या पूर्ण वाटोळ्या व कडेपर्यंत उजळ असाव्या. पोरो दुर्बिणींत त्यांच्या कडा करड्या व चौकोनी दिसल्यास लोलक हलक्या कांचेचे आहेत.

तीन, दूरच्या विजेच्या तारेवर किंवा देवळाच्या कळसावर नजर लावावी आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दोन-तीन बोटें दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतील तार एका पातळींत राहिली पाहिजे. एक वर व एक खालीं दिसल्यास नळ्या समांतर नाहींत. अशी दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, कारण दहा मिनिटांत डोकें दुखूं लागतें. जुनी दुर्बीण विकत घेतांना तर ही परीक्षा अवश्य करावी, व उजेडाकडे धरून आंत बुरशीचीं जाळीं आहेत काय तेंही पाहावें.

चार, चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासकट पाहावें. डोळ्याकडील रबरी कडा खालीं करून संपूर्ण वर्तुळ दिसलें पाहिजे. डोळा भिंगापासून १५ मिलिमीटर किंवा त्याहून दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशी दुर्बीण चष्मेवाल्यास सोयीची.

पांच, दुकानाच्या दारांत उभें राहून समोरच्या ओसरीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत पाहावें. दोन-तीन दुर्बिणी एकापाठोपाठ लावल्या म्हणजे कोणती जास्त दाखविते हें सांगावयास जाणता माणूस लागत नाहीं.

किमतीविषयीं थोडें. झाईस, लायका, स्वारोव्स्की या कारखान्यांच्या उत्तम दुर्बिणी लाखाच्या पुढें जातात. त्या घेण्याचें शेतकऱ्यास कारण नाहीं. मध्यम प्रतीची, जलरोधक ८×४२ हल्लीं साधारणतः दहा ते वीस हजार रुपयांच्या घरांत मिळते व नीट वापरल्यास पुष्कळ वर्षें टिकते. एवढी रक्कम एकट्यास जड वाटल्यास लगतच्या शेतांच्या दोघां-तिघांनीं मिळून घ्यावी; राखण पाळीपाळीनें असली म्हणजे दुर्बीणही पाळीनें वापरतां येते.

वापर व निगा

प्रथम मधली बिजागरी दाबून दोन वर्तुळांचें एक वर्तुळ करावें. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानें डाव्या डोळ्याचें चित्र स्वच्छ करावें. त्यानंतर डावा डोळा मिटून उजव्या भिंगावरील कडें फिरवावें. त्या कड्याची खूण ध्यानांत ठेवावी. पुढें फक्त मधलें चाक फिरवावें लागतें. दुर्बीण अनेकांत असल्यास प्रत्येकानें आपली खूण निराळी लक्षांत ठेवावी.

पाहतांना कोपर गुडघ्यावर किंवा माळ्याच्या आडव्या दांडीवर टेकावें. हालचाल दिसेल तेथून नजर न काढतां दुर्बीण डोळ्यांस लावावी. आधीं दुर्बीण लावून मग जनावर शोधूं लागल्यास तें सांपडत नाहीं. कांहींच दिसत नसल्यास पीकपाहणीस निघालेल्या तलाठ्याप्रमाणें गटामागून गट घ्यावा : एका बांधापासून आरंभ करून पट्ट्यापट्ट्यानें नजर फिरवावी व प्रत्येक ठिकाणीं क्षणभर थांबावें. सबंध जनावर क्वचित् दिसतें. कानाची फडफड, पाठीची आडवी रेघ, शेपटीचा झटका यांवर लक्ष ठेवावें. दुर्बिणींतून सूर्याकडे कधींही पाहूं नये, व मुलांच्या हातीं देतांना ही ताकीद आधीं द्यावी; एका क्षणांत दृष्टि कायमची जाऊं शकते.

आमच्या मुलखांत दुर्बिणीचे दोन शत्रु आहेत : उन्हाळ्यांतील धूळ व पावसाळ्यांतील ओल. भिंगावर धूळ बसल्यास धोतराच्या सोग्यानें किंवा टॉवेलानें पुसूं नये. मातीचे कण लेपावर ओरखडे काढतात. आधीं रबरी फुग्याच्या हवेनें धूळ उडवावी, मग मऊ कुंचल्यानें झाडावी व शेवटीं भिंगासाठीं मिळणाऱ्या कापडानें हलक्या हातानें पुसावें. पावसाळ्यांत दुर्बीण चामड्याच्या पिशवींत ठेवूं नये. त्या ओलींत भिंगास बुरशी धरते व ती लेप खाते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, पुड्या अधूनमधून सुकवाव्या, आणि उघडीप पडेल त्या दिवशीं दुर्बीण सावलींत वारा लागेल अशी ठेवावी. ओली दुर्बीण बंद डब्यांत टाकूं नये. गळ्यांत पट्टा घातल्यावांचून माळ्यावर चढूं नये. एकदां खालीं पडली कीं नळ्यांची समांतरता जाते, आणि ती पुन्हां बसविणारे कारागीर जिल्ह्याच्या गांवींही सहसा मिळत नाहींत.

रब्बीची राखण सुरू होण्यापूर्वीं खरेदी केल्यास सरावास चार आठवडे मिळतात. त्या अवधींत रोज सायंकाळीं एका ठराविक जागेवरून आपलें शेत पाहावें आणि जें दिसेल तें तारीखवार वहींत टिपावें : कोणतें जनावर, किती, कोणत्या बाजूनें व किती वाजतां. हंगामाच्या अखेरीस त्या वहीवरून कुंपण कोठें घालावयाचें हें ठरवितां येईल, व नुकसान झालेंच तर अर्जास जोडावयास तिची नक्कल हाताशीं राहील.